ढग यायच्या आत बघून घ्या: पावसाची नक्षत्रं सध्या संध्याकाळी डोक्यावर (मराठवाड्याचं आकाश)

आखाडावाला (गंगाखेड)

नमस्कार मंडळी. मे सरत आलाय, उकाड्यानं घरात झोपवत नाही, गावाकडं सगळे माळवदावर नाहीतर अंगणात बाजा टाकून पडलेले, शहरातले गच्चीवर. वर्षातले हेच थोडे दिवस असे असतात की माणूस तासभर उताणा पडून आपोआप वर बघतो. पण वर काय आहे ते सांगणारं घरोघरी कुणी राहिलं नाही म्हणून हा धागा काढतोय.

आपल्याकडं नक्षत्रांची नावं सगळ्यांच्या तोंडात असतात. रोहिणी बरसली का, मृग साधला का, मघा कोरड्या गेल्या, हस्तानं झोडपलं. पण ही नक्षत्रं म्हणजे खरेखुरे तारे आहेत, बोट करून दाखवता येतात, हे लई जणांना माहीतच नाही. आणि ते बघायला सगळ्यात चांगला काळ कुठला तर हाच. रात्री साडेआठला, नीट अंधार पडला की बाहेर या, पुनर्वसूपासून स्वातीपर्यंत सगळी ओळ पश्चिमेच्या क्षितिजापासून वर चढत डोक्यापर्यंत आणि पुढं पूर्वेकडं लागलेली दिसते. म्हणजे पश्चिमेला खाली जुलै, त्याच्या वर ऑगस्ट, डोक्याजवळ सप्टेंबर, आणि पूर्वेकडं ऑक्टोबरचा परतीचा पाऊस. अख्खा पावसाळा पाऊस पडायच्या आधीच वर मांडलेला असतो.

हे कसं काय तर "अमुक नक्षत्र लागलं" म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात गेला. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत जातो, ७-८ जूनला मृगात, २१-२२ जूनला आर्द्रात, जुलैच्या पहिल्या आठवड्यात पुनर्वसूत, मग २० जुलैच्या आसपास पुष्य, ऑगस्टच्या सुरुवातीला आश्लेषा, १६-१७ ऑगस्टला मघा, ऑगस्टच्या शेवटी पूर्वा, सप्टेंबरच्या मध्यात उत्तरा, २७ सप्टेंबरला हस्त, ऑक्टोबरच्या १०-११ ला चित्रा आणि २४ च्या आसपास स्वाती. आकाशाचा पूर्ण फेरा ३६० अंशांचा, त्याचे २७ भाग केले की एक नक्षत्र १३ अंश २० कलांचं होतं, आणि सूर्य रोज साधारण एक अंश पूर्वेकडं सरकतो, म्हणून प्रत्येक नक्षत्राला १३-१४ दिवस मिळतात. सूर्य ज्या नक्षत्रात असतो ते त्याच्या बरोबरच उगवतं आणि त्याच्या बरोबरच मावळतं, त्यामुळं रात्री दिसत नाही. त्याच्या पुढची नक्षत्रं, जिथं तो अजून जायचाय, ती संध्याकाळी दिसतात.

आता ओळखायचं कसं. सुरुवात उत्तरेपासून करा, सप्तर्षी सध्या उत्तरेला चांगले उंच आहेत. चौकोनाचे चार तारे आणि शेपटीचे तीन. आमच्याकडं म्हातारी माणसं याला बाज म्हणायची, चौकोन म्हणजे म्हातारीची बाज आणि मागचे तीन म्हणजे चोर. शेपटीचा बाक तसाच पुढं ओढत न्या, पहिला ठळक नारिंगी तारा लागतो तो स्वाती. तोच बाक अजून पुढं दक्षिणेकडं न्या, निळसर पांढरी चित्रा. ही दोन सापडली की अर्धं काम झालं. दक्षिणेकडं तोंड करून उभं राहिलात तर चित्रेच्या उजवीकडं जरा खाली चार-पाच ताऱ्यांचा पंजा दिसतो, तो हस्त. शेतकऱ्यांचा हत्ती तो हाच.

मग डोक्याच्या जरा पश्चिमेला सिंह. त्याच्या तोंडाकडचे तारे कोयत्याच्या आकारात आहेत आणि त्या कोयत्याच्या मुठीला सगळ्यात तेजस्वी तारा आहे तो मघा. मागच्या बाजूला त्रिकोण आहे, त्यातले दोन पूर्वा आणि टोकाचा ठळक तो उत्तरा. पश्चिमेला खाली दोन सारख्या उंचीवर शेजारी शेजारी तारे आहेत ते पुनर्वसू. पुनर्वसू आणि मघा यांच्या मधे पुष्य आणि आश्लेषा, हे दोन्ही मंद आहेत, गावात दिवे असले तर हाती लागत नाहीत, शेतात जावं लागतं.

अमावस्येच्या मागचे पुढचे आठ दिवस धरा. आणि उशीर करू नका, जून लागला की कधी आभाळ भरून येईल सांगता येत नाही.

गोदाकाठची

दादा, खूप छान लिहिलंय. आमच्या आजी "न पडल्या मघा तर वर बघा" म्हणायच्या आणि मी आत्तापर्यंत मघा म्हणजे फक्त पावसाचं नाव समजत होते. आज पोरांना घेऊन गच्चीवर जाते. एक विचारायचं होतं, आमचं घर नांदेडला वस्तीत आहे, दिवे खूप आहेत, तर यातलं काय काय दिसेल?

आखाडावाला

ताई, स्वाती, चित्रा, मघा, पुनर्वसू आणि सप्तर्षी शहरातनं पण आरामात दिसतात. हस्त जरा कष्टानं. एवढंच करा की गच्चीवर गेल्यावर वीस मिनिटं मोबाईल बघू नका, डोळे अंधाराला सरावायला तेवढा वेळ घेतात आणि एकदा स्क्रीन बघितली की परत पहिल्यापासून. बॅटरी लागलीच तर तिच्या काचेवर लाल जिलेटिन कागद बांधा.

आणि नांदेडकरांसाठी एक खास गोष्ट आहे. स्वाती तारा तुमच्या अगदी डोक्यावरनं जातो. १ जूनच्या आसपास रात्री दहाला गच्चीवर आडवं पडा आणि सरळ वर बघा, नाकासमोर जो नारिंगी तारा असेल तो स्वाती, दुसरा असूच शकत नाही. रोज चार मिनिटं लवकर होत जाते ही वेळ, जूनच्या मध्यात नऊच्या सुमारास.

शाळामास्तर_बीड

हे स्वातीचं फार महत्त्वाचं सांगितलंत, त्याला थोडी जोड देतो. स्वातीची क्रांती म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर साधारण १९ अंश उत्तर आहे. बीड १९ अंशांवर, परभणी आणि नांदेड १९ च्या किंचित वर. ज्या ताऱ्याची क्रांती तुमच्या गावाच्या अक्षांशाइतकी तो तुमच्या बरोब्बर डोक्यावरनं जातो, एवढा साधा हिशेब आहे. इतका तेजस्वी तारा आपल्याच पट्ट्याच्या माथ्यावरनं जातो हे मराठवाड्याचं भाग्य आहे, पुण्यात तो जरासा उत्तरेला राहतो, नागपुरात दक्षिणेला.

आता याला शून्य सावलीशी जोडा. मेच्या मध्यात आपल्याकडं दुपारी बाराच्या थोडं नंतर उभ्या काठीची सावली नाहीशी होते, लातूर-धाराशिवला १३-१४ मेच्या सुमारास, बीड-परभणी-नांदेडला १६-१७ च्या, संभाजीनगर-जालन्याला १९-२० च्या. कारण त्या दिवशी सूर्याची क्रांती गावाच्या अक्षांशाइतकी झालेली असते. म्हणजे मेच्या मध्यात दिवसा सूर्य आकाशात ज्या वाटेनं जातो त्याच वाटेनं रात्री स्वाती जातो. मी शाळेत पोरांना हे दोन्ही करायला लावतो, दिवसा काठी आणि रात्री स्वाती, मग अक्षांश म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही.

ध्रुवाचं पण तेच. सप्तर्षींच्या चौकोनातले शेपटीपासून लांबचे दोन तारे पुलह आणि क्रतू, पुलहापासून क्रतूकडं रेघ काढा आणि त्या दोघांतल्या अंतराच्या पाचपट पुढं जा, ध्रुव मिळतो. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश झाकते, ध्रुव आपल्याकडं क्षितिजापासून दोन मुठींच्या आत आहे, कारण त्याची उंची म्हणजेच आपला अक्षांश. ध्रुव सगळ्यात तेजस्वी असेल असं बरेच जण समजतात, तसं नाही, मध्यम तारा आहे, उत्तरेला त्या उंचीवर एकटाच असतो म्हणून ओळखू येतो.

तिफण

माहिती चांगली हाय पण एक शंका हाय. आमचे आबा मृगाच्या पहिल्या पावसावर तिफण धरायचे, पाऊस चुकत नव्हता म्हणायचे. आता दोन दोनदा पेरावं लागायलंय. मग नक्षत्र खोटं पडायलंय का पाऊस?

आखाडावाला

भाऊ, हा प्रश्न मनाला लागणारा आहे, कारण दुबार पेरणी म्हणजे काय ते आपण सगळेच जाणतो, बियाणं गेलं, खत गेलं, आणि मोंढ्यात उधारी वाढली.

नक्षत्र पाऊस पाडत नाही. ते सूर्य कुठं पोचला ते सांगतं. घड्याळ, कॅलेंडर काही नव्हतं तेव्हा लोकांनी सूर्याच्या जागेवरनं तारीख मोजली आणि तारखेला पावसाचा अनुभव जोडला, फार हुशारीचं काम होतं ते. पण मान्सून समुद्रावरनं येतो, केरळात सरासरी १ जूनला पोचतो, मग वर सरकतो, आपल्याकडं यायला जूनचा दुसरा नाहीतर तिसरा आठवडा, आणि एखाद्या वर्षी वाटेत अडकतो. मेच्या शेवटी जूनच्या सुरुवातीला जो गडगडाट करून पडतो तो बऱ्याचदा वळवाचा असतो, मान्सूनचा नसतो. त्याच्यावर पेरलं, सोयाबीन वर आलं आणि मग पंधरा-वीस दिवस उघडीप पडली की कोंब जळतात. म्हणून ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन रान खोलवर ओलं झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी विद्यापीठ दरवर्षी सांगतं, आणि माझं पण मत तेच आहे. मृग लागला म्हणून औतं बाहेर काढा, जमीन तयार ठेवा, पण पेरताना ढेकूळ फोडून ओल बघा.

शाळामास्तर_बीड

यात अजून एक कारण आहे जे फारसं कुणी सांगत नाही. पृथ्वीचा आस हळूहळू डुलतो, एक फेरा पूर्ण व्हायला सुमारे २६,००० वर्षं लागतात. याला परांचन म्हणतात. त्यामुळं ऋतू आणि नक्षत्रं यांचं नातं साधारण ७२ वर्षांना एक अंश म्हणजे एक दिवस सरकतं. एका माणसाच्या आयुष्यात एक दिवस, ते कळणार कसं. पण वराहमिहिर सहाव्या शतकातला, त्याच्यापासून आजपर्यंत १५०० वर्षं धरली तर हा फरक तीन आठवड्यांचा होतो. म्हणजे त्या काळी सूर्य मृगात शिरायचा तेव्हा ऋतूच्या हिशेबानं मेचा मध्य असायचा. आपल्या म्हणी कुठल्या शतकात बसल्या कोण जाणे, पण नक्षत्र आणि पाऊस यांची गाठ कायमची घट्ट राहू शकत नाही हे गणितच आहे.

तिफण भाऊ, तुमच्या आबांच्या वेळी हा फरक आजच्यापेक्षा एखाद्या दिवसानंच वेगळा होता, त्यामुळं त्यांचा अनुभव याच्यानं खोटा ठरत नाही. तेव्हा बाजरी-ज्वारी-मूग-उडीद होतं, जास्त करून घरचं बी होतं, एकदा गेलं तर परत टाकता यायचं. आता पैसे ओतून पेरतो म्हणून धक्का मोठा बसतो.

तिफण

हे बराबर हाय सर. पटलं. आज रात्री आबालाच बसवतो बाजंवर आणि हत्ती दाखवतो. "पडला हत्ती तर कोसळतील भिंती" रोज म्हणतेत पण हत्ती कधी बघितला नसंल त्यांनी.

सिडको_संभाजीनगर

एक शंका. मी अॅपवर बघितलं तर सूर्याची वाट (ती पिवळी रेघ) मघा आणि चित्रा यांच्या अगदी जवळनं जाते पण स्वाती तर त्या रेघेपासून केवढा तरी लांब आहे. मग सूर्य स्वातीत जातो म्हणजे काय? सूर्य काय तिथपर्यंत वर चढत नाही ना?

शाळामास्तर_बीड

अगदी बरोबर पकडलंत. सूर्य स्वाती ताऱ्याजवळ कधीच जात नाही, तो त्याच्या वाटेपासून तीसेक अंश उत्तरेला आहे. आपल्या पूर्वजांनी वाटेचे २७ सारखे तुकडे केले आणि त्या त्या बाजूला जो ठळक तारा असेल त्याचं नाव तुकड्याला दिलं. स्वातीच्या तुकड्यात वाटेवर ठळक तारा नाही, म्हणून उत्तरेचा हा तेजस्वी घेतला. मघा मात्र जवळजवळ वाटेवरच आहे, त्यामुळं चंद्र कधी कधी मघेला झाकतो, त्याला पिधान म्हणतात, आणि चित्रेला सुद्धा. स्वातीचं पिधान कधीच होणार नाही.

उमरगेकर

दक्षिणेचं कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. आमच्याकडं उमरगा, नळदुर्ग, निलंगा, देवणी हा मराठवाड्याचा दक्षिण टोकाचा भाग, आणि मेच्या शेवटी इथनं त्रिशंकू दिसतो. साडेआठ वाजता, अंधार पडल्या पडल्या, बरोबर दक्षिणेला. चार तारे, उभा पतंगाकृती, वरचा तारा क्षितिजापासून दीड मुठीवर आणि खालचा एका मुठीच्या आत. जाणाऱ्या-येणाऱ्याला झाडं-घरं आडवी येतात म्हणून दिसत नाही एवढंच, माळावर उभं राहिलं की दिसतो. दिल्लीच्या लोकांना खालचा तारा क्षितिजाच्या वर येतच नाही, म्हणजे पूर्ण त्रिशंकू त्यांना बघायलाच मिळत नाही. आपल्याला मिळतो तर बघावा.

त्याच्या डावीकडं दोन ठळक तारे एकापाठोपाठ वर येतात. त्यातला मागचा, जास्त डावीकडचा, अल्फा सेंटॉरी. सूर्य सोडला तर आपल्याला सगळ्यात जवळची तारकामंडळी तीच, ४.४ प्रकाशवर्षं. म्हणजे आज जो प्रकाश डोळ्यात शिरतो तो चार-साडेचार वर्षांपूर्वी निघालेला. माझ्या पुतणीला सांगितलं की तू बालवाडीत होतीस तेव्हा निघालेला उजेड हा, तर ती लई वेळ बघत बसली.

दुर्बीण असली तर अजून एक. चित्रेपासून सरळ खाली दक्षिणेकडं या, त्रिशंकूच्या वर डावीकडं, क्षितिजापासून अडीच मुठींच्या आत एक मंद धुरकट ठिपका आहे. नुसत्या डोळ्यांना तारा वाटतो पण कडा नीट नाहीत. तो ओमेगा सेंटॉरी, एक कोटीच्या आसपास ताऱ्यांचा गोळा, सुमारे १७,००० प्रकाशवर्षं लांब. साध्या १०x५० च्या दुर्बिणीतनं केवढा मोठा दिसतो. युरोपातले लोक याच्यासाठी विमानाचं तिकीट काढून दक्षिणेला जातात आणि आपल्याला बांधावर उभं राहून दिसतो.

सिडको_संभाजीनगर

उमरगेकर, संभाजीनगरहून त्रिशंकू दिसेल का?

उमरगेकर

दिसेल, पण आमच्यापेक्षा दोन अंश खाली. खालचा तारा तुमच्याकडं सात अंशांवरच येतो, शहराचा उजेड आणि मेची धूळ यात तो जातो. खुलताबादच्या वर म्हैसमाळला जा, उंचीवर आहे, दक्षिण मोकळी मिळेल अशी जागा दिवसाच हेरून ठेवा. आणि वळवाचा एखादा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी जा. धूळ बसलेली असते, क्षितिज एकदम स्वच्छ होतं. मी दरवर्षी अशाच रात्रीची वाट बघतो.

पण विजा चमकत असतील तर माळावर थांबू नका, कितीही लांब वाटल्या तरी. आपल्या भागात या दिवसांत वीज पडून माणसं-जनावरं जातात, तारे उद्या पण असतात.

आखाडावाला

उमरगेकर, फार मोलाची भर घातलीत. आणि अंधारात पाय टाकताना बॅटरीनं खाली बघा, दगड-ढेकळात विंचू या दिवसांत बाहेर असतात, लहान पोरं बरोबर असली तर चपला घालूनच न्या.

मास्तरीणबाई_लातूर

मी काल सगळं बघितलं, मुलगी आणि सासूबाई दोघी बरोबर होत्या. सासूबाईंनी सप्तर्षी दाखवल्या दाखवल्या सांगितलं की लग्नात भटजींनी अरुंधती दाखवली होती, पण तेव्हा मान वर केली आणि दिसली म्हणून टाकलं, खरी बघितली काल. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ आणि त्याला अगदी चिकटून बारीक ठिपका अरुंधती. मुलीला पटकन दिसली, मला जरा नजर स्थिर करावी लागली, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय तरी त्यांना दिसली याचा त्यांना फार आनंद झाला.

मध्यरात्रीनंतर काय बघायचं तेही कुणीतरी लिहा, आम्ही गच्चीवरच झोपतो, दोन-अडीचला जाग येतेच.

आखाडावाला

ताई, वाचून लई बरं वाटलं.

मध्यरात्रीनंतरचं आकाश तर वेगळंच असतं. वृश्चिक नऊलाच आग्नेयेला वर आलेला असतो, पण बारा-एकला तो दक्षिणेला पुरा उभा राहतो. वरती ओळीनं तीन तारे अनुराधा, मग लालबुंद ज्येष्ठा, आणि तिथनं खाली वळत गेलेली नांगी म्हणजे मूळ. ओळखायला कसलीच अडचण येत नाही, आकाशात नावासारखी दिसणारी फार थोडी चित्रं आहेत त्यातलं हे एक. ज्येष्ठा साडेपाचशे प्रकाशवर्षांच्या आसपास लांब आहे आणि सूर्यापेक्षा शेकडो पट मोठी, आपल्या सूर्याच्या जागी ठेवली तर मंगळाच्या कक्षेपर्यंतचं सगळं तिच्या पोटात जाईल. मेच्या शेवटाला ज्येष्ठा सूर्याच्या बरोबर समोर असते, म्हणून संध्याकाळी उगवून पहाटेपर्यंत रात्रभर दिसते.

वृश्चिकाच्या डावीकडं धनू, आठ ताऱ्यांची चहाची किटली, आणि तिच्या तोटीच्या जरा पुढं आपल्या आकाशगंगेचं केंद्र आहे, इथनं २६,००० प्रकाशवर्षांवर. अमावस्येच्या रात्री गावातले दिवे गेलेले असले तर तिथनं एक पांढरट पट्टा वर चढत जाऊन पूर्वेच्या बाजूनं उत्तरेकडं गेलेला दिसतो. तिला ढग समजून लोक झोपतात. तो ढग नाही, ती आकाशगंगा, आपण तिच्या आतच बसलोय आणि तिच्या कडेकडनं मधोमध बघतोय म्हणून पट्टा दिसतो. पूर्वेला अभिजित, श्रवण आणि हंस यांचा मोठा त्रिकोण त्या पट्ट्यावरच आहे, अभिजित सगळ्यात तेजस्वी.

दुर्बीण असली तर वृश्चिकाच्या नांगीच्या टोकापासून जरा डावीकडं फिरवा, ताऱ्यांचे दोन पुंजके सापडतील. तसंच संध्याकाळी पश्चिमेला पुष्याच्या जागी दुर्बीण लावा, नुसत्या डोळ्यांना काहीच नसल्यासारखं वाटतं तिथं एकदम ताऱ्यांचा घोळका निघतो.

किनवट_पोरगा

दादा आम्ही परवा शेतात झोपलो होतो तर एका ओळीत वीस-पंचवीस दिवे एकामागं एक सरळ गेले, आवाज नाही काही नाही, आणि मधेच एक एक करून विझले. गावात कुणी काय कुणी काय बोलायलंय. ते काय असतंय?

सिडको_संभाजीनगर

स्टारलिंकचे उपग्रह. इंटरनेटसाठी एका रॉकेटमधनं बरेच एकदम सोडतात, सोडल्यावर थोडे दिवस ते ओळीत असतात, मग वर चढून पांगतात. आपल्याकडं रात्र झालेली असली तरी तेवढ्या उंचीवर अजून ऊन असतं, ते ऊन त्यांच्यावर पडून चमकतं. पृथ्वीच्या सावलीत शिरले की विझल्यासारखे दिसतात. एकटाच ठळक दिवा पाच-सहा मिनिटांत आकाश पार करताना दिसला तर बहुतेक आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक, ४०० किलोमीटर वर, त्यात माणसं असतात. भ्यायचं काही कारण नाही, गावात सांगून टाक.

औसेकर

धागा वाचून वडिलांची आठवण झाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर आमच्या भागात लोक घरात झोपायला धजत नव्हते, थंडी पडली तरी बाहेरच. त्या दिवसांत वडील तिकांडं बघून रात्र किती झाली ते सांगायचे, आता डोक्यावर आलं, आता कललं, आता उठा. आम्हा भावंडांना त्यांनी तिकांडं आणि कृत्तिका एवढ्या दोन गोष्टी दाखवल्या त्या कायमच्या लक्षात राहिल्या. पण उन्हाळ्यात तिकांडं कुठंच दिसत नाही, मी लहानपणापासून शोधतोय. आज वरचं वाचून कळलं की सूर्याच्या मागं गेलेलं असतं. मग ते परत कधी दिसतं?

शाळामास्तर_बीड

तिकांडं म्हणजे मृगाच्या पोटातले तीन तारे. एप्रिलच्या शेवटापर्यंत संध्याकाळी पश्चिमेला दिसतात, मेमध्ये संधिप्रकाशात बुडतात, जूनमध्ये सूर्याबरोबरच उगवतात आणि मावळतात. मृग लागला म्हणतो तेव्हा मृग नेमका दिसत नसतो. जुलैच्या मध्यानंतर ते पहाटे सूर्याच्या आधी पूर्वेला वर येऊ लागतात, पण तेव्हा आभाळ मोकळं सापडत नाही.

ऑगस्टच्या शेवटी मराठवाड्यात पावसाला खंड पडतो बऱ्याचदा. तशी उघडीप मिळाली तर पहाटे चारला उठा. पूर्वेला साडेतीन मुठींच्या उंचीवर तिकांडं, त्याच्या वर रोहिणीचा लालसर तारा, आणि अजून वर कृत्तिकांचा झुबका.

औसेकर

ऑगस्टच्या शेवटाला, पहाटे चार. मोबाईलमधे गजर लावून ठेवला सर. मोठ्या भावाला पण फोन करून सांगतो, तो पुण्याला असतो, तिकडनं पण दिसेल ना?

शाळामास्तर_बीड

दिसेल, फक्त त्यांनी दहा-बारा मिनिटं उशिरा बघायचं, पुणे आपल्या पश्चिमेला आहे. आणि पावसाळी हवा आहे तिकडं, त्यामुळं एका दिवसात नाही जमलं तर तीन-चार पहाटा सोडू नका म्हणावं.